सरळ उभा बाण

जंगलात ओढ्यापाशी हरवलेल्या माणसाच्या शोधासाठी तंबू ठोकला होता. बाहेर चहाच्या रांगेत ती उभी होती. पुढे नकाशा काढणारे दोघे कुजबुजत होते.

"कागदावर मावेना, म्हणून नकाशा तिरका फिरवून छापला."

"आणि उत्तरेचा बाण?"

"तो आपोआप फिरतो ना?"

"कसला आपोआप! अरे, ते नुसतं चित्र. नकाशावरच्या चौकटींच्या जाळीतल्या उभ्या रेषांशी आपणच जुळवायचं असतं."

"मग तो सरळ वरच राहिला."

"आणि पथक त्याच बाणावर होकायंत्र लावून गेलंय?"

"सकाळीच. ओढ्याकडे."

"ओढ्याकडे कुठलं! भलत्याच डोंगरात. पळ, वायरलेसवर कळव!"

"साहेब जीव घेतील माझा."

"आधी पळ!"

तो वळला आणि थबकला.

"ताई, अशा का बघताय? पथकात कुणी आहे तुमचं?"

"पथकात नाही. ओढ्यापाशी. माझा दादा."