गल्लीच्या टोकाला वीस मीटर

…चारशे नव्वद! मीटर! आन कुटं, तर आमच्या गल्लीच्या टोकाला! आता तुमीच सांगा, जुळे सोलापुरातली आमची गल्ली, पाच दिवसांतनं एकदा पाणी, तेबी कसं, नळाखाली हात धरून बघायचं की हाय का न्हाय… सासूबाईंनी तर नळच खाली खड्ड्यात घेतलाय, म्हणजे पाण्याला वर चढायचा तरास नको. आन सोता गुडघे धरून त्या खड्ड्यात उतरतात, घागर भरतात, वर देतात. आन कंप्युटर म्हणतोय चारशे नव्वद मीटर प्रेशर! म्हणजे नळ सोडला की पाणी थेट मोहोळला जाऊन पडायला पायजे! मला डाउट आलाच की!

तुमी म्हणाल, ही कोण बाई? मी श्रीदेवी, इंजिनियर. आमचं ऑफिस पाण्याच्या लाइनींचं मॉडेल करतंय, म्हणजे टाकी, पाइप, चढउतार समदं कंप्युटरात भरायचं आन पाणी कुटं किती दाबानं पोचतंय, म्हणजे आपलं आपण किती मीटर वर चढंल, ते बघायचं. जितं दाब कमी, तितं नवी लाइन मंजूर. आन माझ्या वाट्याला आमचाच भाग आला! आमच्या सासूबाई निंगव्वा, मी त्यांना आत्ती म्हणते, त्यांना मी शब्दच दिऊन टाकला. म्हणलं, आत्ती, औंदा तुमचा खड्डा बुजवते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आन कंप्युटरला तहान लागती काय म्हणून इचारलं.

तर हे चारशे नव्वद आलं कुटनं? मला वाटलं, कुणीतरी मुद्दाम केलंय. आमचे गुरुशांत सर, त्यांचं सासर पलीकडच्या भागात, नवी लाइन तिकडं वळवायची असंल तर? चहा देणाऱ्याकडंसुद्धा मी वाकड्या नजरेनं बघायला लागले. आन निघालं काय… मॉडेलातल्या आमच्या टोकाच्या ठिपक्याला समुद्रापासनंची उंचीच भरली न्हवती! जागा मोकळी ठिवली की कंप्युटर शून्य धरतोय. शून्य म्हणजे समुद्र! आमची गल्ली त्यानं उचलून रत्नागिरीला नेली, आन टाकी ठिवली हितंच सोलापुरात. पडणारच की धबाधबा!

उंची भरली. प्रेशर आलं वीस मीटर. सर म्हणले, आता बरोबर आलं. बरोबर? अवो, वीस मीटर म्हणजे पाणी सहाव्या मजल्याला आपलं आपण चढंल, आन हितं खड्ड्यात उतरंना! मला डाउट आलाच की!

मग मी एकेकाच्या मागं लागले. पाइप जुना झाला असंल, आत गंज धरला असंल… पाइप जुना करून बघितला. जरासं कमी झालं. माणसं कमी धरली असतील… घराघरात पावणे घालून बघितले. परत जरासं. मग म्हणलं व्हॉल्व! व्हॉल्व सोडणारा धोंडीराम, हा निम्माच सोडत असंल, कुणाचं तरी ऐकत असंल. गेले त्याच्या मागं मागं, लपत. त्यानं माझ्यासमोर झाकण उघडून दाखवलं, पुरा सोडलेला. वर मलाच म्हणला, ताई, तुमाला बरं न्हाय काय?

आन त्याच दिवशी, पाण्याच्या येळंला, गल्लीतनं परत यायलेय तर प्रत्येक फाटकाच्या आत घर्रर्र… घर्रर्र… नळालाच जोडलेल्या पाणी वढायच्या मोटारी! सापडली तर जप्त हुती, तरी आमचं घर सोडून समद्यांकडं हाय. आता हा आवाज मी लगीन हुऊन आल्यापासनं ऐकते, पंख्याच्या आवाजागत. पण डोक्यातच आलं न्हाय की ह्या कंप्युटरात घालायच्या राहिल्यात!

घातल्या. प्रेशर आलं वजा! नळ पाणी दिईना, उलट हवा वढायला लागला, अगदी आमच्या नळागत सूंऽऽ करून. डोळ्यात पाणी आलं माझ्या. पयल्यांदा कंप्युटर खरं बोलला.

सरांनी मात्र चष्मा काढला. (सरांचं बोलणं कसं, पुस्तक वाचल्यागत.) "वजा प्रेशर? श्रीदेवी, रिपोर्टमध्ये हे गेलं तर लोक हसतील. आणि मोटारी अधिकृत नाहीत, मग मॉडेलमध्ये कशा असतील? पाण्याच्या दिवशी मोठे साहेब येतील, जागेवर दाब मोजायचा गेज लावू. गेज दाखवेल ते खरं."

मी खुश! गेज काय खोटं बोलतोय काय? घरी आत्तींना सांगितलं. आत्तींनी गल्लीच्या कमिटीचे कुंडलिकराव, त्यांना सांगितलं. आन कुंडलिकरावांनी ग्रुपवर टाकलं… उद्या साहेब यायलेत, मोटारी काढून ठिवा.

काढल्या की हो समद्यांनी! कुणी दिवाणाखाली, कुणी ज्वारीच्या कोठीत, एका वैनींनी तर पाळण्यात घातली, वर दुपटं. मला काय पत्ता? गल्लीचा ग्रुप मी कधी उघडून बघतच न्हाय. साहेब आले, खड्ड्यात माणूस उतरला, नळाला गेज लावला… आन मी बघते तर गल्ली शांत. चिमण्या ऐकू यायल्या. मला डाउट आलाच की… पण काटा चढत चढत गेला एकोणीसवर! सर नाचायचेच राहिले. साहेब म्हणले, मॉडेल आणि जागा, तंतोतंत. इथं नव्या लाइनची गरज नाही.

मी म्हणलं, साहेब, मोटारी… तर मागं अख्खी गल्ली उभी, माझ्याकडं बघत. कुंडलिकराव हात जोडून म्हणले, "मोटारी? हितं कुणाकडं हायेत? ताई ऑफिसात लई दमतात हो." आता बोलले तर समद्यांच्या जप्त, आन मला उद्या त्याच गल्लीत ऱ्हायाचंय. गिळलं. तेवढ्यात गेज काढला आन नळातनं असा फवारा उडाला, आत्ती पार भिजल्या, हसायल्यात, समद्यांना सांगायल्यात, माझ्या सुनंनं पाणी आणलं! जीप वळली, घर्रर्र झालं, नळ गप्प.

फाईल बंद! आत्तींना समदं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं आन म्हणल्या, "मग साहेबाला दर पाण्याला बोलाव की गं."

पुढच्या पाण्याला त्यांनीच माझ्या फोनवरनं ग्रुपवर बोलून टाकलं, साहेब निघालेत. गल्ली चिडीचूप. आमच्या समद्या घागरी भरल्या! पण त्याच्या पुढच्या पाण्याला तसाच निरोप कुंडलिकरावांकडनं, मग समोरच्यांकडनं. आता दर पाण्याला साहेब निघालेलेच असत्यात, आन मोटार कुणीच काढंना. म्हणजे बघा, आता गेज लावला तर खरं दिसंल! मी पळत सरांकडं गेले, म्हणलं एकदा, फकस्त एकदा परत चला.

सर म्हणले, "कशाला? प्रत्येक ट्रेनिंगला आपण तुमच्याच गल्लीचं उदाहरण देतो. मॉडेल तंतोतंत जुळलेली गल्ली!"

आले घरी. पाण्याचाच दिवस हुता. आत्ती खड्ड्यातनं वर आल्या, घागर माझ्या हातात दिली, म्हणल्या, माझे गुडघे गेले, आता तू उतर. उतरले.