माह्या नकाशातला पिवळा

माहा जल्म सिंदी रेल्वे या गावचा. माहा बाप तिथच्या जिनिंगमधी कापसाच्या गाठीवर मार्का मारे. पत्र्याचा साचा गाठीवर धरायचा, त्यावरून रंगाचा कुचा फिरवायचा, झाला मार्का. बापाले वाचता येत नव्हतं अन् गाठी उचलनाऱ्या हमालाईलेही येत नव्हतं, पन लाल मार्क्याची गाठ मालगाडीच्या कोन्या डब्यात अन् काळ्याची कोन्या डब्यात हे झोपेतून उठवून इचारलं तरी सांगत. अन् मालकानं मार्का बदलवला का बाप आधी सगळ्या हमालाईले गोळा करे, कोऱ्या पोत्यावर नवा मार्का मारून दाखवे, एकेकाले इचारे, तू सांग हा कुठी जाईन, तू सांग. साऱ्याईनं बरोबर सांगतलं का मंगच गाठीले कुचा लावे. मी लहान होतो, मले तवा हसू ये, म्हनो हा का शाळामास्तर हाय का. आता नाई येत हसू.

बापाचा हात माह्यात आला. आधी म्या दुकानाच्या पाट्या रंगवल्या, लग्नाचे बॅनर केले, मंग कॉम्प्युटर शिकलो अन् वर्ध्याले एका केबलच्या चॅनेलमधी लागलो. बातम्याच्या खालची पट्टी, मयताईचे फोटो, दिवाळीच्या शुभेच्छा, सारं मीच करो. राह्यलो वर्ध्याले लागून असलेल्या सिंदी मेघेले, सायकलनं जाऊन येऊन. पन माहं खरं काम म्हनजे हवामानाचा नकाशा. काय सांगू तुमाले, विदर्भाचे अकराच्या अकरा जिल्हे म्या माऊसनं एकेक कोरले, बॉर्डर न् बॉर्डर. ऊन असलं का जिल्ह्यात पिवळा भरो अन् वरतून हसरा सूर्य ठेवो. ढगाचा राखाडी, पान्याचा निळा. पिवळा तर म्या दोन दिवस बसून जमवला होता, सूर्यफुलासारखा, डोळ्याले टोचनारा नाई. लोक रस्त्यात म्हनत, पेंटर, तुमचा सूर्य लय चांगला हाय. मले लय बरं वाटे, खोटं काऊन बोलू.

माही बहीन सुमी, माह्याहून सहा वर्सानं लहान, सेलूच्या बाजूले एका गावात देल्ली. आमचे जवाई, म्हनजे सुमीचा नवरा नामदेवबुवा, भाजीपाल्यावाले. वांगे, टमाटे, सांबार, म्हनजे तुमची कोथिंबीर, सारं सेलूच्या बाजारात नेत. मानूस एकदम गरीब सोभावाचा, भांडनात पडनार नाई, चा देल्ला का आधी दुसऱ्यापुढं करनार. सुमी शाळेत गेलीच नाई, माय लवकर गेली अन् घर तिच्यावर पडलं. एका भाऊबीजेले तिच्या घरी गेलतो तं टीव्हीवर माहाच नकाशा चालू होता. म्हने भाऊ, मले काई समजत नाई यातलं. म्या तिले टीव्हीपुढं बसवलं अन् बोट ठेवून सांगतलं, हे पाह्य, हा आपला वर्धा जिल्हा, पिवळा असला का ऊन, राखाडी असला का ढग, निळा असला का पानी, झालं, तुले अक्षर कायले पाह्यजे. तिले एवढा आनंद झाला का काई इचारू नका. तवापासून रोज सकाळी चूल पेटवता पेटवता ती नकाशा पाहे अन् जवाईले सांगे आज सांबार तोडा, आज नका तोडू. सकाळच्या वक्ताले आमी नुसता नकाशाच दाखवत होतो, बोलनारी पोरगी नाई, मागून बासरी लावलेली. पन सुमीले बोलन्याची गरजच नव्हती.

मंग आमच्या मालकाच्या डोक्यात आलं का सारं नवीन करायचं. मले म्हने, पेंटर, हे सूर्य न् ढग काढून टाक, बालवाडीच्या भिंतीवानी दिसते, मोठ्या चॅनेलवर पाह्य कसं साफ असते. हवामान खात्याचे इशाऱ्याचे चार रंग असतेत ना, हिरवा, पिवळा, केशरी, लाल, तेच भरायचे. हिरवा म्हनजे काई धोका नाई, पिवळा म्हनजे सावध राहा, अन् तसं वरतं वरतं लालपावतर. म्या केलं. त्याच्या धाकानं केलं असं नाई म्हनत, मलेही ते आवडलं, एकदम शहरातल्यासारखं दिसे. अन् पिवळा कोनता घेतला म्या? तोच. माह्या सूर्याचा. तयार होता, जमलेला होता, तर म्हटलं नवा कायले बनवा. खाली बारीक अक्षराची पट्टी देल्ली, पिवळा म्हनजे विजा पडू शकतेत, सावध राहा. ज्याले वाचता येते तो वाचन.

पहिले तीन दिवस वर्धा हिरवाच होता. तिसऱ्या दिवशी सुमीचा फोन आला. भाऊ, तुह्या नकाशात सूर्य दिसत नाई, अन् हे हिरवं हिरवं काय होय? मी एका शाळेच्या जाहिरातीत गुंतलो होतो, मालक मागं उभा, म्या म्हटलं काई नाई, नवीन डिझाईन केलं, चांगलं दिसते ना? ती म्हने हो, दिसते तं चांगलं. म्या म्हटलं ठेव मंग, काम हाय. एवढंच. तेवढ्या वेळात बापानं चार हमालाईले पोतं दाखवलं असतं. मी माह्या सख्ख्या बहिनीले नाई सांगू शकलो का सुमे, पिवळ्याचा अर्थ बदलला.

चवथ्या दिवशी वर्धा पिवळा झाला. म्याच भरला, आदल्या सांजच्याले, खात्याचा कागद आला तसा. भादव्याचे दिवस होते, सकाळी आभाळ मोकळंच होतं. सुमीनं पिवळा पाह्यला, मंग ती मलेच नंतर सांगत होती, म्हने भाऊ, तुहा पिवळा दिसला तं जीवाले बरं वाटलं, म्हटलं आला सूर्य परत. ती जवाईले म्हने, आज ऊन हाय दिवसभर, सांबाराचे सारे वाफे तोडून घ्या. ते जेवून गेले. दुपारून तीनच्या सुमाराले ढग आले अन् इज पडली. मी ऑफिसात सांजच्या नकाशाले बसलो होतो तं भाचीचा फोन आला, मामा, बाबा वावरात पडले हाय, उठत नाई. मी तसाच निंघालो. त्या सांजच्याले नकाशाले कोनाचा हात लागला नाई, तोच सकाळचा पिवळा तसाच गेला हवेत.

तेरवीले मानसं बसले होते आंगनात. एक जन म्हने, टीव्हीवाल्याईनं सांगाले पाह्यजे होतं ना, फुकट दाखवते नकाशे. सुमी आतून उठून आली, डोक्यावरचा पदर खाली आलता तो वर घेतला नाई, अन् सगळ्याईपुढं बोलली, माह्या भावाचा नकाशा कधी चुकत नाई, ऊनच होतं त्या दिवशी, देवाचंच चुकलं. मी तिथीच बसलो होतो, हातात पत्रावळ. त्या वक्ताले उठून म्हनाले पाह्यजे होतं का बाई, नकाशा बरोबरच होता, तो सावध राहा म्हनत होता, तुले म्याच चुकीचं शिकवून ठेवलं. नाई म्हटलं. भेलो. तिचा नवरा गेलता अन् मले माही इज्जत सुचत होती. थू हाय माह्यावर.

मालकाच्या मांगं लागून लागून म्या नकाशात इजेचं चित्र टाकलं. काळा ढग अन् त्यातून इज, लहान पोराले कळन असं. मालक म्हने कर बावा, तुले समाधान होत असन तं. त्याले काई माहीत नाई. पन सुमी आता एकटीच वावर करते, म्हनून मी काई नुसत्या चित्रावर राहत नाई, पिवळ्याच्या दिवशी सकाळी फोन करतो, आज दुपारून वावरात जाऊ नको. ती म्हने, इजेचं चित्र दिसते, पन पिवळा हाय ना. म्या म्हटलं पिवळा असो का कसाही असो, मी सांगून राह्यलो ना, नको जाऊ. असं दोनतीन डाव झालं. मंग एक दिवस सुमी फोनवर म्हने, भाऊ, मंग त्या दिवशी काऊन नाई केला रे फोन?

म्या म्हटलं लागत नव्हता. ती म्हने, असन. अन् मंग म्हने, तू जेवला का?

मी रोज जातो कामाले. दुसरं काई येत नाई मले. वर्ध्यात पिवळा भराचा असला का हात आपोआप थांबते, मंग भरतो. बाप राह्यला असता तं त्यानं एक शब्द बोलला नसता, नुसतं कोरं पोतं आनून ठेवलं असतं माह्यापुढं.

तुमी आले, म्हनले लिहून घेतो, छापतो, म्हनून सांगून राह्यलो. सुमीले वाचता येत नाई, तेवढाच धीर हाय मले. पन तिची पोरगी आठवीत हाय, चांगलं वाचते, मोठ्यानं वाचते. छापून आलं का एक प्रत तिच्या पत्त्यावर धाडजा. मामाचं नाव पाह्यलं का ती वाचनच मायले, चुलीपाशी बसून. माह्या तोंडून नाई निंघत, तं पोरीच्या तोंडून निंघू द्या. मंग सुमीनं मले शिव्या देल्ल्या तरी चालते, राखी पाठवली नाई तरी चालते. फक्त पिवळा दिसला का तिनं घरात राहावं, एवढं झालं पाह्यजे बाप्पा.