प्रत्येकी पाच हिरव्या टिकल्या

...नाही पण मला सांगा, गवत? गवत विकत घ्यायचं? तेही प्लॅस्टिकचं? अहो, आमच्या हेझल फोर्कच्या दरीत गवत इतकं माजतं की कापून कापून माझी कंबर गेली! वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात आणखी असतं काय? दगड आणि गवत! आणि तिकडे गावातल्या हायस्कूलच्या फुटबॉल मैदानाला गवत आणायचं, म्हणून आमची शाळा बंद! चार खोल्यांची शाळा हो. माझ्या ओसरीवरून दिसते. नात माझी, लेटी, सहा वर्षांची. सकाळी मक्याच्या पावाचा तुकडा हातात घेऊन निघते, तो संपायच्या आत वर्गात पोचते. ती शाळा बंद! बरं, कुणी विचारलं नाही म्हणावं, तर तसंही नाही. विचारलं हो, विचारलं! विचारलं नाही असं कुणी म्हणू नये.

तुम्हाला सांगतो, मी शिकलेला माणूस नाही, आठवीसुद्धा पुरी झाली नाही, लाकडाच्या गिरणीत जन्म गेला. पण बजेट म्हणजे काय ते मला कळतं. पैसे कमी, पोटं जास्त. बायको माझी, आयवा, लग्न झाल्यापासून तेच करतेय, आणि कुणाला एका शब्दानं न विचारता करतेय! या शाळावाल्यांचं तसं नाही. यंदा जिल्ह्यातल्या शाळांना पैसे कमी पडले, तर सगळ्या शाळांचे मोठे साहेब, डॉक्टर प्रूइट... डॉक्टर नुसतं म्हणायचं बरं का, मी त्यांना गुडघा दाखवला तर म्हणाले, "मी तसला डॉक्टर नाही." मग कसला? असो! तर ते म्हणाले, लोकांनाच विचारू, आधी पैसे कशाला द्यायचे आणि कशाला नाही.

गेलो. गावातल्या हायस्कूलच्या खेळायच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठाले कागद. एकावर शाळेचं छप्पर, एकावर नर्स, बँडची वाद्यं, कॉम्प्युटर, ते गवत, आणि पार कोपऱ्यात, दाराच्या मागे, 'हेझल फोर्कची शाळा चालू ठेवणे'. शहरातून खास आणलेली एक बाई, इतकी हसरी, इतकी हसरी, की मला तिच्या गालांची काळजी वाटायला लागली. "प्रत्येकाला पाच हिरव्या टिकल्याऽ! जे महत्त्वाचं वाटेल तिथे चिकटवा! इथे कुणाचं काही चुकत नाहीऽ!"

आता आमच्या दरीची रीत अशी, की चर्चमध्ये जेवण असलं तर आपलं ताट शेवटी. भांड्यातला शेवटचा तुकडा वाळून खडक होईल, पण कुणी उचलणार नाही. त्यात हे दुसऱ्यांचं गाव. ट्रकमधून उतरता उतरताच आयवा म्हणाली, "ओडेल, ओरबाडायचं नाही हं. त्यांनाही पोरंबाळं आहेत." ओरबाडतोय कुठे! एक टिकली आपल्या शाळेला लावली. एक नर्सला, पोर पडलं-झडलं तर? छप्पर गळतं म्हणे, एक त्याला. एक बँडच्या कर्ण्यांना. राहिली एक. गवताच्या कागदाशी फुटबॉलचे कोच उभे, एवढा दांडगा बाप्या आणि तोंड असं, जसं काही घरात कुणी गेलंय... म्हटलं, घे बाबा, तुलाही एक!

मागे वळून बघतो, तर अख्खी दरी हेच करतेय! आमचे पाद्री तर पाचही वाटून मोकळे. म्हटलं, "ब्रदर क्लेटस, आपल्या शाळेला?" तर म्हणतात, "ओडेल, मला वाटलं, तुम्ही सगळे लावालच की!"

आणि गावची मंडळी? पाचच्या पाच गवताला! ठप ठप ठप! आणि तोंडात काय? आयवानं पहाटे उठून केलेला ॲपल पाय! "वा आयवाबाई, तुमच्या हाताला तोड नाही," असं म्हणत एका हातानं दुसरा तुकडा आणि दुसऱ्या हातानं टिकली! तासाभरात गवताचा कागद खरंच गवतासारखा हिरवा. आमचा? गोवर उतरत आलेल्या पोरासारखा. कुठे कुठे एखादा ठिपका. विचारलं हो, विचारलं!

मग शाळांचा कारभार बघणाऱ्या बोर्डाची सभा. डॉक्टर म्हणाले, "हा निर्णय आमचा नाही, हा लोकांनी दिलेला कौल आहे." आणि पडद्यावर फोटो. कुणाचा? माझा! गवताला टिकली लावतोय, आणि दात काढून हसतोय! "हेझल फोर्कच्या ज्येष्ठांनीसुद्धा मन मोठं केलं." आयवानं माझ्याकडे बघितलं... नको, ते नको सांगायला.

उठलो. बोलायला तीन मिनिटं देतात, समोर घड्याळ पळतंय. मी पडलो हळू माणूस. माइकपर्यंत पोचलो, टोपी काढली, "कसे आहात सगळे, घरची मंडळी बरी ना?" हे विचारल्याशिवाय आमच्यात कुणी बोलायला लागत नाही. संपत आला की वेळ! म्हटलं, "डॉक्टर, ती टिकली मी त्या माणसाचं तोंड बघून लावली. माझ्या लेटीची शाळा देऊन टाकायला नव्हती ला..."

"थँक्यू, सर. वेळ झाली."

बोर्डवाल्यांचे हात वर झाले. शाळा गेली.

परवा बसगाड्यांचं बघणारा माणूस आमच्या चर्चमध्ये आला. म्हणाला, हिवाळ्यात पोरांना डोंगरापलीकडच्या शाळेत न्यायला बस येईल, ती कधी यावी ते दरीतल्या लोकांनीच ठरवायचंय. पहाटे साडेपाचला, की पावणेसहाला? लेटी माझ्या खांद्यावर गाढ झोपलेली, तिची लाळ माझ्या कॉलरवर. मी हात वर केला. म्हटलं, "पावणेसहा करा, साहेब. तेवढीच जरा झोपेल पोर."

त्यानं लिहून घेतलं. म्हणाला, "बघा! तुमचंच ऐकलं की नाही आम्ही?"

आणि तुम्हाला सांगतो... काय म्हणालो असेन मी?

थँक्यू म्हणालो हो. वळणच तसं आमचं!