प्रत तिकडे राहू दे

तार्खेलिया: अगं, दगडावर आपटतेस काय? लोकरीचा पोंचो आहे तो, गोणपाट नाही. हातानं चोळ.

नूबे: चोळतेच आहे. डाग जात नाही.

तार्खेलिया: मग राहू दे. माझ्या रिगोच्या अंगची माती आहे ती.

नूबे: तुम्हीच म्हणालात ना, माणूस गेल्यावर पाचव्या दिवशी त्याचे कपडे नदीत स्वच्छ धुवायचे, नाहीतर जीव घोटाळत राहतो.

तार्खेलिया: जीव तिकडं स्पेनात परांचीवरून पडलाय, आणि आपण इथं डोंगरात, कान्यारच्या गारठ्यात त्याच्या जुन्या विजारी धुतोय. कुठली नदी शोधायची, ते त्याला तरी कळणार आहे का?

नूबे: दोन्या तार्खेलिया, एक सांगायचंय. भांडायचं नाही मला.

तार्खेलिया: सासूला परक्या बाईसारखं 'दोन्या' कशाला? भांडायला अंगात त्राण लागतं. बोल.

नूबे: त्याच्या ईमेलचं.

तार्खेलिया: तुझी पत्रं, तू बघ. त्या बटाटेवाल्या बाल्विनाकडून निरोप धाडला होतास ना, 'रिगोचं सगळं टपाल आता माझ्याकडे येतं' म्हणून? भर बाजारात, बटाट्याच्या ढिगामागून ओरडून सांगितलं तिनं. गावानं ऐकलं, लेकानं आईला सोडलं अन् बायकोला धरलं.

नूबे: 'येऊन वाचून जा' असंही सांगितलं होतं मी.

तार्खेलिया: ते बाल्विनानं पोटातच ठेवलं.

नूबे: आणि तुम्हीही विचारायला आला नाहीत.

तार्खेलिया: कुठं येऊ? तुझ्या त्या निळ्या काचांच्या घरात, चिखलाचे पाय घेऊन? मी दर रविवारी विल्मेरच्या सायबर कॅफेत जात होते. तो उघडायचा, वाचून दाखवायचा, मी सांगीन ते लिहायचा. मग एका रविवारी म्हणाला, 'दोन्या, रिकामं आहे.' पुढच्या रविवारीही रिकामं. त्यावर तुझा निरोप. मी काय समजायचं?

नूबे: पत्ता एकच होता ना आपल्या दोघींचा, रिगोनंच काढून दिलेला. तो फोटो पाठवायचा, मोठमोठे. त्यांनी जागा भरली आणि त्याची पत्रं परत जायला लागली. मग फोनवर म्हणाला, नूबे, तुझ्या कॉम्प्युटरमध्ये एक खूण आहे, 'प्रत सर्व्हरवर ठेवा'. ती काढून टाक. पत्र तुझ्याकडे उतरलं की तिकडून पुसलं जाईल, जागा मोकळी राहील. आईला लिहिलेलं एकही पत्र परत यायला नको.

तार्खेलिया: आईला लिहिलेलं?

नूबे: असंच म्हणाला. तुमच्यासाठीच काढायला लावली ती खूण. मी काढली. म्हणून तर विल्मेरला काही दिसेना. सगळं माझ्याकडे उतरत होतं.

तार्खेलिया: सगळं म्हणजे तुझं.

नूबे: माझं आणि तुमचं. तुमच्यावर 'आईसाठी' लिहिलेलं असायचं. मी एकही उघडलं नाही. दुसऱ्याच्या नावाचं कसं उघडणार? वाटायचं, राग उतरला की याल.

तार्खेलिया: अरे देवा.

नूबे: काल विल्मेरला विचारलं तेव्हा कळलं, तुम्हाला तुमच्या पत्रांचं काहीच ठाऊक नव्हतं ते.

तार्खेलिया: तो फोन करायचा ना, तेव्हा मी धाकट्या लेकीला खुणेनं सांगायचे, म्हण, आई शेतावर गेलीय. आणि तिथंच उभी असायचे. शेवटच्या वेळी किती वेळ धरून ठेवला होता त्यानं फोन. मी आपली कणसं सोलत बसले.

नूबे: मला विचारायचा, आई काही बोलते का माझ्याबद्दल. मी सांगायचे, हो, सारखी आठवण काढते.

तार्खेलिया: खोटं बोलायचीस.

नूबे: खोटं होतं का?

तार्खेलिया: … नव्हतं गं.

नूबे: रडू नका. पाण्यात पडाल.

तार्खेलिया: प्रत्येक पत्राखाली विल्मेरकडून लिहून घ्यायचे मी, 'देव तुझं भलं करो'. मग थांबवलं. आईच्या आशीर्वादाशिवाय लेकरू परांचीवर चढलं, नूबे. मीच चढवलं त्याला.

नूबे: परांचीचा दोर तुटला. तुमच्यामुळे नाही.

तार्खेलिया: कशानं काय तुटतं, तुला काय माहीत?

नूबे: कपडे वाळेपर्यंत इथंच बसायचंय ना आपल्याला?

तार्खेलिया: वाळल्याशिवाय उठायचं नाही. रीतच आहे.

नूबे: मग मी आणलाय तो.

(नूबे पाठीवरचं गाठोडं सोडते. शालीत गुंडाळलेला लॅपटॉप बाहेर काढते.)

तार्खेलिया: हात पूस आधी. साबणाचे हात लावू नकोस त्याला.

नूबे: पुसले. ही बघा, ठळक अक्षरांतली. न उघडलेली आहेत म्हणून ठळक. ही सगळी तुमची.

तार्खेलिया: एवढी?

नूबे: एवढी.

तार्खेलिया: वाचली की पुसून जातील का?

नूबे: नाही. आता इथंच राहतील.

तार्खेलिया: तरी ती खूण लाव परत.

नूबे: आता काही यायचं नाही, आई.

तार्खेलिया: माहीत आहे मला. तू लाव.

नूबे: लावली. वाचू?

तार्खेलिया: हळू वाच. तो हळू बोलायचा.

नूबे: 'आई, इथं लिंबांच्या बागा आहेत, पण लिंबांना आपल्यासारखा वास नाही. डुकरीण व्याली का? पाठ दुखत असेल तर ओझं उचलू नकोस, नूबेला हाक मार. आशीर्वाद दे, आई.'

तार्खेलिया: देव तुझं भलं करो, लेकरा. पुढचं वाच.

नूबे: 'आई, तुझं पत्र नाही. रागावलीस का? नूबेशी भांडली असशील तर सोडून दे, ती तुझ्यासारखीच हट्टी आहे. परवा तुझ्या हातचा उकडलेला मका स्वप्नात आला. आशीर्वाद दे.'

तार्खेलिया: देव तुझं भलं करो. पुढचं.

नूबे: याच्याही शेवटी तेच आहे, आई. त्याच्या पुढच्याही.

तार्खेलिया: असू दे. प्रत्येकाला वेगळा देते. तू वाच.