पहिला घाव कोणाचा

बरं, नका बोलू. नका बोलू, कमळीमावशी, पण दार लावू नका. मी इथे उंबऱ्याशीच बसतो. चहा नको मला — म्हणजे तुम्ही विचारलाच नाहीत, रोज विचारता, आज नाही विचारलात, कळलं मला. सोला, कोलंबी सोला, हाताला काम असलं की कान मोकळे राहतात. ऐकू येतोय ना बेंजो? खालच्या पाड्यात, ज्योतिबाच्या मांडवात वाजतोय. तो वाजतोय तोवर मी बोलणार. आज त्याच्या नातीची, भावनाची हळद. आणि हळदीला धवले गायचे ते वरच्या पाड्याच्या धवलारणीने, म्हणजे तुम्ही, कमळीमावशी, दुसरं कोण? तुम्हीच नाही का मला सांगितलंत, 'मास्तर, त्यांची पोर आमचे धवलारनीबिगर उजवत नाय, नी आमची त्यांचे बिगर नाय'? आणि तुम्ही इथे घरच्या लुगड्यात कोलंबी सोलत बसलाय. हळदीचं नवं लुगडं त्या दांडीवर आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.

शिवाने अडवलं ना? अडवलंच असणार. तुमचा भाचा आता बांधावर आहे, त्याच्याबरोबर पाड्यातली निम्मी पोरं — नाही, मी जवळ गेलो नाही, लांबूनच पाहिलं — गोणपाटाखाली कोयते आहेत, आणि एक गावठी कट्टा. तळोज्याहून कोणीतरी आणलाय म्हणे. हळद लागायच्या आत मांडव पाडणार म्हणतात. पोलीस? पीसीओवरून केला ना फोन. गाडी बंदोबस्ताला गेलीय, आली की पाठवतो म्हणाले. म्हणजे उद्या. उद्या येऊन पंचनामा करतील. त्यांना पंचनामा जमतो. मलाही तेवढंच जमतं, मावशी, हेच तर — मीही झाल्यावरच जाणारा माणूस. मेलेल्या भांडणांचा पंचनामा करणारा.

खरं सांगू? इथे येईपर्यंत मी फक्त पुस्तकं वाचली. खाडीपलीकडे मुंबई पेटली तेव्हा नेरूळला गच्चीवर उभा होतो, बायको, मीना, खाली बोलावत होती, आणि माझ्या डोक्यात एकच — हे का होतं? माणूस शेजाऱ्यावर तलवार का उचलतो? कॉलेजात मुलांना शिकवायचो, पण माहीत काहीच नव्हतं. म्हणून या वयात पीएच.डी.ला नाव घातलं. मीना म्हणाली, घरात सासू-सुनेचा तह जमेना आणि हे निघाले गावं मिटवायला. हसा, तुम्ही त्या दिवशी हसला होतात. तर आमच्या गाईडबाई म्हणाल्या, नंदकुमार, भांडण का झालं हे सगळेच विचारतात, तुम्ही उलटं विचारा — जिथे व्हायला हवं होतं तिथे का नाही झालं? शांतता कशावर उभी आहे ते शोधा. आणि मला तुमचे हे दोन पाडे सापडले! एकच खाडी, एकच बांध, आणि बांधात ती एकच उघाडी. खाडीचं पाणी अडवायचं-सोडायचं ते एवढंसं लाकडी दार, भरती ओसरली की त्याच्या तोंडाशी मासळी गोळा होते, ती कोणाची म्हणून दोन पाडे पहाटे एकमेकांवर तुटून पडले. तुमचे वडील तिथेच पडले. त्यांचीही माणसं पडली. आणि त्यानंतर? त्यानंतर काहीच नाही! इतकी वर्षं. आणि ती मासळी? एक भरती तुमची, एक त्यांची. लोक मला सांगायचे, समंजस गावं आहेत हो. समंजसपणा! समंजसपणाने कुठे काय होतं?

तुम्ही सांगितलंत तेव्हा समजलं. म्हाताऱ्यांनी बांधावर मीठ हातात घेऊन, तेच तोंडात टाकून शपथ घेतली आणि दोनच गोष्टी ठरवल्या. एक, इकडच्या लग्नाला तिकडची धवलारीण आणि तिकडच्याला इकडची. आणि ती मांडवात आहे तोवर तिच्या पाड्यातल्या पुरुषाने त्या मांडवावर हात उचलायचा नाही. आणि दुसरी — पहिला घाव कोणाचा, हे कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. बस. मी त्या रात्री झोपलो नाही आनंदाने. केवढी मोठी गोष्ट! जगात तह मोडतात ते याच प्रश्नावर मोडतात, आणि तुम्ही तो प्रश्नच मिठात घालून पुरला होता.

आणि मग मी तोच विचारला. का विचारला? — तुम्ही बघता आहात तसं बघू नका. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणाला होतात, 'मास्तर, बांधान खेकऱ्याचा बीळ दिसला तं त्यान बोट घालायचा नाय. बांध फुटतंय.' मी हसलो आणि लिहून घेतलं. लिहून घेतलं, मावशी! आणि बोट घातलं. मला वाटलं प्रबंधाच्या प्रकरणात एक जागा रिकामी राहते, परीक्षक विचारतील, लढाईची सुरुवात कुठेय? त्या पहाटेचा आता ज्योतिबाच एक उरलेला, त्याच्याकडे किती खेपा घातल्या. तो बोलेना. 'माज्या तोंडान मीठ हाय मास्तर' एवढंच. मी म्हटलं, ज्योतिबा, तुम्ही गेलात की हे कायमचं जाईल, हे विद्यापीठात राहणार, गावात कोणी ऐकणार नाही. शपथेवर सांगितलं मी त्याला. तेव्हा बोलला बिचारा. टेप चालू होता.

आणि ती टेप मी शिवाला ऐकवली.

वाईट हेतूने नाही हो! आमच्यात तशी पद्धत आहे — एका बाजूने सांगितलेलं दुसऱ्या बाजूकडून पडताळून घ्यायचं. त्याशिवाय ते धरत नाहीत. मी अंगणात बसून, चहा पीत, बटण दाबलं. वाटलं, तरुण आहे, शिकलेला आहे, कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, त्याला काय जुन्याचं? ज्योतिबाचा आवाज आला, 'पयला घाव वरचे पाऱ्याचा' — एवढंच, आणि शिवाने कप खाली ठेवला. म्हणाला, 'म्हाताऱ्यान मीठ खाल्ला नी थुकला.' मी लगेच बंद केलं. पुढचं नाव ऐकवलं नाही, देवाशप्पथ! नाव कोणाला माहीत नाही. फक्त ज्योतिबाला आणि मला. नाव ऐकवायला मी काय वेडा आहे?

म्हणून म्हणतो, अजून काही गेलेलं नाही. तुम्ही फक्त चला. लुगडं नका बदलू, अशाच चला, मी बरोबर येतो, शिवाने कोयता उगारला तर आधी माझ्यावर उगारू दे, खरंच सांगतो. तुम्ही मांडवात पोचलात, पहिला धवला धरलात, की बांधावरची पोरं बसल्या जागी बसतील. शिवासुद्धा. आत्याच्या आवाजावर कोण चालून जाईल? आणि ज्योतिबा वाईट माणूस नाही हो. त्याने रागाने नाही सांगितलं, रडत सांगितलं. म्हणाला, मी समोरच होतो, मी वल्हं आडवं धरलं पण वार यायचा त्या बाजूने आलाच नाही, त्याने डाव्या हाताने —

कोलंबी का ठेवलीत खाली?

नाही. मावशी, नाही. मी नाव घेतलं नाही. घेतलं का मी नाव? डावखुरे पुष्कळ असतात. तुम्ही डावखुऱ्या आहात म्हणजे — हो, तुम्ही सांगितलं होतंत, बापावर गेलेय म्हणून, पाड्यात आम्ही दोघंच असे — पण म्हणजे त्यावरून — मी असं म्हणालोच नाही! हाताकडे नका बघू. माझ्याकडे बघा. ज्योतिबा म्हातारा आहे, पहाटेचा अंधार होता, त्याला काय दिसलं असणार? पडताळणी कुठे झालीय अजून? ...तुम्हाला वाटायचं, आपण माफ करणाऱ्या. बाप घालवूनही त्यांच्या मांडवात गाणाऱ्या. मलाही तसंच वाटायचं, मी लिहिलंय तसं, फार सुंदर पान झालंय ते — ते तसंच ठेवू. मी खोडतो ते दुसरं. कॅसेट ही घ्या. चुलीत घाला. घ्या ना! मावशी, तुम्ही तरी तोंडातलं मीठ थुंका, शिव्या द्या, काहीतरी बोला, तुमच्याच गळ्यावर दोन पाडे —

उठलात? चला. चला, मी चपला — नाही, आतल्या खोलीत कशाला? लुगडं दांडीवरून काढताय, हां, बदलून घ्या, बदला, मी बाहेर थांबतो. ...घडी घालून पेटीत? पेटीत का ठेवताय, मावशी? टेपरेकॉर्डर का माझ्या हातात? जातो. ढकलू नका, जातो मी. पण मी जाऊन काय होणार, तुम्ही गेलं पाहिजे, दार नका लावू, कमळीमावशी, दार —

थांबा. ऐका.

बेंजो थांबला.

तुम्हीच सांगितलं होतंत, हळदीत बेंजो कोणासाठी थांबत नाही, फक्त धवला सुरू होताना थांबतो. धवलारीण तर इथे आहे. मावशी, दार उघडा. धवलारीण इथे आहे, मग तो थांबला कशासाठी?