सतरा नंबरच्या ठोक्यानंतरचा नाच

नाव : भुंगा. याच नावाने हाक मारतात. वय : एकवीस. शिक्षण : दहावी, तीन झटक्यांत. धंदा : पडेल ते काम, सध्या मावशीच्या हाताखाली हातोडा मारणे. राहणार : मावशीकडे, कचरा डेपोमागची वसाहत, विहिरीसमोर.

मी पोलीस ठाण्यात आपणहून आलो. समक्ष विचारल्यावरून सांगतो की, माझी मावशी कॉलेजात संशोधक आहे. जमिनीच्या पोटात काय आहे आणि घाण पाणी मुरून कुठे जातं, ते ती शोधते. तिचे चौतीस लेख छापून आलेत. मी एकही वाचलेला नाही. पस्तिसाव्यासाठी मात्र माझा खांदा निखळायचा बाकी होता.

काम असं असतं. डेपोच्या कडेने सरळ रेषेत जमिनीत छोटे सेन्सर खोचायचे. टोकाला लोखंडी प्लेट ठेवायची, तिच्यावर मी घण घालायचा. हादरा जमिनीतून जातो, यंत्र तो टिपून घेतं. त्यावरून खाली मऊ कुठे, कडक कुठे ते कळतं. ठोका पडला की कुणी हलायचं नाही, पावलंसुद्धा यंत्रात उमटतात. मावशी ओरडते, "पुतळे!" की आम्ही पुतळे.

सतराव्या ठोक्याला मी पुतळा झालो नाही. नाचलो. तीन उड्या, दोन टाचा, परत तीन उड्या. उन्हात उभं राहून कंटाळा आला होता.

मावशीने पडद्यावर पाहिलं. म्हणाली, "मेल्या, जमीन नाचली की तू?"

मी म्हणालो, "जमीन. मी साथ दिली."

तिने माझा कान पिरगाळला आणि ठोका परत घ्यायला लावला. लेखात दुसराच वापरला. पण यंत्रातली नाचाची नोंद पुसली नाही. खराब निघालं तरी पुसायचं नाही, हा तिचा नियम आहे.

लेखात आलं की डेपोचं पाणी खालून आमच्या विहिरीकडे येतंय. लेखावर दुसरं नाव मोठ्या सरांचं, म्हणजे विभागप्रमुखांचं होतं. ते साइटवर कधी फिरकले नाहीत. आयत्या बिळावर नागोबा. साहेब म्हणाले, म्हणी नकोत, घडलं ते सांग. घडलं ते असं की, डेपोवाल्या कंपनीची नोटीस आली. मोठ्या सरांनी स्वतःचं नाव काढून घेतलं आणि इथे तक्रार दिली की यंत्र कपाटातून बाहेर निघालंच नाही, बाईंनी आकडे घरी बसून रचले.

आता लेख मागे घेतलाय. मावशीच्या यादीत त्या ओळीवर काट मारलीय. ती ते पान उघडते, बंद करते, परत उघडते. काल तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि सगळा चहा प्यायली. या वेळी मीठ मी बदललेलं नव्हतं.

साहेबांनी मला चारदा बसायला सांगितलं. मला बसवत नाही. कारण यंत्र मोठ्या सरांच्या कपाटात आहे आणि उद्या दुरुस्तीला जाणार आहे. कॉलेजच्या शिपाईकाकांनी सांगितलं, "तिथे सगळं पुसून कोरं करून देतात रे." यंत्र धडधाकट आहे, मीच वरची धूळ फडक्याने झटकून ठेवलं होतं.

माझं म्हणणं एवढंच की यंत्र आजच ताब्यात घ्या. सतरा नंबर लावून बघा. खोटे आकडे रचणारा माणूस छान छान आकडे रचेल. माझा नाच कशाला रचेल?

साहेबांनी विचारलं, मावशीने पाठवलं का? नाही. ती म्हणते, "चौतीस लेख लिहिल्यावर मी खरी आहे हे सांगत फिरू?" मी एकही लिहिलेला नाही, म्हणून मी फिरतोय.

साहेब म्हणाले, कसा नाचलास ते दाखव. मी दाखवलं. टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरला. साहेब ग्लासाकडे बघत राहिले. मग त्यांनी हवालदारांना गाडी काढायला सांगितली.

वरचा मजकूर हवालदारांनी निघण्याआधी मला वाचून दाखवला. त्यात त्यांनी "नाचलो"च्या जागी "हालचाल केली" लिहिलं होतं. ते मी बदलून घेतलं. हालचाल तर डेपोवरचं कुत्रंही करतं. आता सगळं मी बोललो तसंच आहे, म्हणून उभ्या उभ्याच सही करतो.