दुसरा रिसीव्हर

हॅलो?… हं, बोल ताई… हो, मीच टाकला फोटो. घरच्याच ग्रुपवर टाकला… बदनामी? फोटोत सेटच्या आतली वायर दिसतेय, तुझं तोंड नाही!

अगं ऐक ना… ऐक… आधी मला बोलू देशील?

हो, हो, स्टिरिओ रिसीव्हर जुना आहे हे मला माहीत होतं. चाळीस वर्षांचा. जुना होता म्हणून तर तुझ्या दुकानातून घेतला. डाव्या स्पीकरला आवाज नाही, डायलचा दिवा गेलाय, बटण फिरवलं की खरखर… त्यावर मी एक शब्द तरी काढला? माझं पोटच दुरुस्तीवर चालतं. ‘बिघडलाय, बघ जमलं तर’ म्हणाली असतीस, तर हसत घेऊन आले असते. तू काय म्हणालीस? ‘यांनी स्वतः दुरुस्त केलाय, नुसता लावायचा.’

…मी कुठे भाऊजींना मध्ये आणतेय? तेच आलेत मध्ये, पक्कड घेऊन.

नाही, जळत नाही मी… तुझ्या दुकानावर तर मुळीच नाही… हे बघ, मावसबहीण आहेस म्हणून ऐकून घेतेय. दुसरं कुणी असतं तर कधीच फोन आपटला असता.

काय सापडलं ते ऐकायचंय? मग मध्ये तोंड घालू नकोस. झाकणाला आठ स्क्रू हवेत, तीन गायब. फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी गुंडाळलेली… हो, चांदी! आत काही जळायला लागलं तर फ्यूज उडून वीज बंद व्हायला हवी. चांदी कशाला उडतेय?… बरं, तेही सोड. मेन वायर तोडून दुसरी जोडलीय आणि त्या जोडाची एक तार पत्र्याला टेकलीय. टेस्टर लावला तर पेटला. पुढची पट्टी, आवाजाचं बटण, डायलची कड… सगळ्यात करंट.

मला? बसला की! पार कोपरापर्यंत. पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावलं… हसतेस काय?

‘आमच्याकडे आठवडाभर दोन्ही सेट छान वाजत होते’… अगं, नशीब तुमचं, हात नाही…

थांब. दोन्ही म्हणजे?

…आत्ताच म्हणालीस. दोन्ही. दुसरा कुठला?… अगदी असाच? आणि तोही भाऊजींनीच… एकाच दिवशी?

कुठाय तो?

विकला म्हणजे कुणाला विकला, ताई?… नाचाचा क्लास?… अगं, तिथे मुली अनवाणी असतात! फरशीवर!

किती वाजता भरतो?… पाचला? पावणेपाच झालेत आत्ता! लाव त्या बाईंना फोन. दुकानातल्या फोनवरून लाव, हा चालू राहू दे… कसली इज्जत घेऊन बसलीस? लाव म्हणते ना!

…

उचलला? सांग, भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग काढा. सेटला हात लावायचा नाही, कुणीच नाही… ‘जरा तपासायचाय’ नाही! करंट येतोय म्हण. हाच शब्द. मोठ्याने.

…काढला? नक्की?… बरं… बरं.

आता विचार, कुणाला काही झालं का… विचार, ताई.

…काय? कधी, काल?… केवढी आहे?… सात?

हात झिणझिणतोय म्हणून रडली, आणि बाईंना वाटलं नाटक करतेय?… कोपऱ्यात उभं केलं?… तासभर?

…

ताई, रडू नकोस. मला नाही ऐकायचं ते… आज आलीय का ती?… नाही ना? मग?… यायचंच नाही म्हणते. बरोबरच आहे.

मी निघतेय. तो सेट मी स्वतः उचलून आणते… नको, तू येऊ नकोस. भाऊजींना तर क्लासच्या दारातही येऊ देऊ नकोस. तू त्या मुलीच्या घरी फोन कर… हो, तूच. आईला सगळं सांग, डॉक्टरांना दाखवायला सांग. आणि मग मुलीला फोनवर बोलाव.

काय सांगू म्हणजे?… ती खोटं बोलत नव्हती, एवढं सांग.

ठेवते.